पोस्टमास्तरांचे अधिकचे पत्ते

धामणगाव बढ्याच्या पोस्टात नारायणराव मास्तर असेपर्यंत कुणाचं पत्र हरवलं नाही. उशिरा आलं असेल, भिजलेलं आलं असेल, एकदा तर शेळीनं कोपरा खाल्लेलं आलं, पण आलं. सुरतेहून कुणीतरी 'गोळीवाले मामा, धामणगाव' एवढ्याच पत्त्यावर कार्ड टाकलं होतं. गावात गोळ्याबिस्किटं विकणारे मामा तीन. तिघांना बोलावून, सुरतेत कुणाचं कोण आहे याची चौकशी करून, मास्तरांनी ते बरोब्बर ज्याचं त्याच्या हातात दिलं. आता अशी माणसं निघत नाहीत, आणि निघाली तरी आपण त्यांना एवढा वेळ कुठं देतो!

या माणसाला निवृत्तीनंतर मुलानं, म्हणजे अविनाशनं, पुण्याहून मोबाइल आणून दिला आणि त्यात ई-मेल काढून दिला. मास्तर खूश झाले. घरबसल्या डाक येणार म्हणून त्यांनी चष्मासुद्धा नवा केला. महिनाभरात डाक येऊ लागली ती अशी: गुडघ्याचं तेल, बिनव्याजी कर्ज, टकलावर केस उगवणारं औषध, आणि परदेशातल्या कुण्या विधवेची इस्टेट, जी तिला का कोण जाणे मास्तरांनाच द्यायची होती. मास्तर प्रत्येक पत्र शेवटपर्यंत वाचायचे. आलेलं पत्र न वाचता टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या विधवेला तर त्यांनी सांत्वनाचं उत्तरही लिहायला घेतलं होतं, पण पत्नी रुख्मिणीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

खरं दुःख वेगळंच होतं. पत्रावर शिक्का नव्हता. साध्या आंतरदेशीय पत्रावरही कुठून निघालं, कुठं थांबलं, सगळं उमटलेलं असतं. इथं पत्र थेट उंबऱ्यात येऊन पडतं आणि आपला पत्ता याला दिला कुणी, हे देवालाही कळत नाही.

"बाबा, त्याला एक युक्ती आहे," अविनाश फोनवर म्हणाला. पुण्यात राहून त्याची भाषा सुधारली होती, म्हणजे असं तिकडच्यांचं मत. "तुमच्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाका आणि त्यापुढे कोणताही शब्द. विजेच्या बिलासाठी नारायण अधिक वीज, रेल्वेसाठी नारायण अधिक रेल्वे. पत्र सगळं तुमच्याकडेच येतं. पण ज्याला जो पत्ता दिला, त्याच पत्त्यावर तेलाची जाहिरात आली, की समजायचं, यानंच पत्ता फोडला."

मास्तरांनी फोन खाली ठेवला. उभी हयात पत्त्यांत गेली, पण एकाच माणसाचे हवे तेवढे पत्ते आणि पोस्टमन तोच, ही कल्पना खात्यातल्या कुणाला सुचली नव्हती. त्यांनी मनातल्या मनात शोधणाऱ्याला सलाम केला आणि स्वयंपाकघरात जाऊन रुख्मिणीबाईंना सगळं समजावून सांगितलं.

"हे तं मी लग्न झाल्यापासून करून राह्यली," रुख्मिणीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"तू? ई-मेल?"

"ब्लाऊज पीस. ओटीत देतो ते. कोणी शिवते थोडीच, पुढच्याच्या ओटीत लोटून देते. म्हून मी ज्याले देतो त्याच्या नावचा दोरा घडीच्या आत टाकतो. वच्छलाबाईले हिरवा, सोजराबाईले पिवळा. मागच्या साली मोताळ्याच्या लग्नात माह्या ओटीत हिरवा दोरा आला. वच्छलाबाईनं घडीही उघडली नव्हती."

"मंग तू वच्छलाबाईले काही बोल्ली?"

"काऊन बोलू? मले समजलं तेवढं बस झालं."

मास्तरांना हे लागलं. एवढा आधुनिक शोध, आणि आपल्याच घरात तो पोळपाटाशेजारी इतकी वर्षं पडून होता. पण माणूस न्यायी. रात्री जेवताना त्यांनी, "तुहं डोकं पोस्टात असतं तं तू जिल्ह्याची अधीक्षक झाली असती," अशी कबुली दिली. रुख्मिणीबाईंनी त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

मग सुरू झालं. मास्तरांनी वीज, गॅस, रेल्वे, हवामान, पेन्शन असे सगळीकडचे पत्ते बदलले. काही वेबसाइटी अधिकचं चिन्ह पाहिलं की 'अवैध पत्ता' असं लाल अक्षरात सांगत. एका पोस्टमास्तराला त्याचा पत्ता अवैध आहे असं एका यंत्रानं सांगावं! मास्तरांनी त्या कंपनीला रजिस्टर पोस्टानं कडक पत्र धाडलं. त्याची पोच आली, उत्तर आलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. बिघडलं ते शेजाऱ्यांमुळे, आणि मास्तरांच्या चांगुलपणामुळे. शेजारच्या किसनरावांना पीकविम्यासाठी ई-मेल हवा होता. त्यांच्याकडे मोबाइल होता तो फक्त हॅलो म्हणण्यापुरता. आता आपल्याकडे ही रीत जुनीच आहे: ज्याचं घर पक्कं नाही, त्याचं पत्र 'द्वारा पोस्टमास्तर' येतं. मास्तरांनी जन्मभर अशी पत्रं सांभाळली होती. त्यांनी चटकन 'नारायण अधिक किसन' करून दिलं. दुसऱ्या दिवशी सोजराबाई आल्या, त्यांच्या मागे वच्छलाबाई आल्या, आणि पंधरवड्यात अख्खी गल्ली नारायण अधिक झाली. कुणाच्या मुलीचा निकाल, कुणाच्या सिलिंडरचा नंबर, सगळं मास्तरांच्या मोबाइलात येऊ लागलं. मास्तर सकाळी चहा झाला की सायकल काढायचे आणि दारोदार जाऊन ज्याची त्याची डाक वाचून दाखवायचे. निवृत्तीनंतर उतरलेलं त्यांचं वजन पुन्हा भरून आलं.

त्या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. जे बियाणं अळीला मारणार म्हणून घेतलं होतं, त्याच्या बोंडात अळी आरामात झोपलेली सापडे. किसनरावांनी उभ्या कपाशीत नांगर फिरवला. नुकसानभरपाईचे अर्ज करायचे तर पुन्हा ई-मेल. तालुक्याच्या कचेरीत कारकुनानं गल्लीचे अर्ज चाळले आणि मान वर केली.

"काका, या सगळ्या लोकांच्या नावाआधी नारायण काऊन हाये? आन् मधात बेरीज कायची? हे सारे एका घरात राह्यतात का?"

"एका पोस्टात राह्यतात," मास्तर म्हणाले.

कारकुनानं साहेबांना विचारलं, साहेबांनी जिल्ह्याला विचारलं, जिल्ह्यानं विचारलं की ही बेरीज करण्याचा अधिकार अर्जदारास कोणत्या शासन निर्णयाने प्राप्त झाला. मास्तर चिडले नाहीत. सरकारी माणूस सरकारी माणसाला ओळखतो. त्यांनी त्याच भाषेत तीन पानी खुलासा दिला. तो कुणालाच कळला नाही, म्हणून अर्ज मंजूर झाले. गल्लीनं मास्तरांना हार घातला आणि त्यांचे पाय जमिनीला टेकेनासे झाले.

आता हबीबभाईंबद्दल सांगायला हवं. बाजार रस्त्यावर हबीबभाईंचं बियाण्या-खतांचं दुकान. मास्तरांची आणि त्यांची दोस्ती पोस्टातल्या पहिल्या दिवसापासूनची, कारण दुकान पोस्टासमोर आणि दुपारी दोघांनाही काम नसे. बियाणं कंपनीचं, अळी निसर्गाची, पण शिव्या मात्र हबीबभाईंच्या काउंटरवर पडल्या. भला माणूस, सगळं ऐकून घेतलं. "यंदा बिघडलं, पुढच्या साली पाहू," एवढंच म्हणायचे. गिऱ्हाईक कसंबसं टिकून होतं ते तीस वर्षांच्या शब्दावर. त्यांना कंपन्यांचे ई-मेल येत, तेही 'नारायण अधिक हबीब' वर. हबीबभाई मोबाइलला हात लावत नसत. त्यांच्या मते तो उकळता चहा होता, दुसऱ्यानं धरावा.

पुढच्या पेरणीच्या तोंडावर गल्लीत फोन येऊ लागले.

"किसनराव ना? साडेचार एकर ना? गेल्या साली अळीनं खाल्ली ना? आपल्याजवळ असं बियाणं हाये का तणनाशक मारा, तण मरते, कपाशी मरत नाही. बिल मिळणार नाही. घरपोच आणून देतो."

हे चोर बीटी. परवाना नाही, बिल नाही, उगवलं नाही तर रडायला जागा नाही. असं बियाणं विकणारे पुष्कळ, पण यांना नाव, गाव, एकर सगळं माहीत. सोजराबाई तर हादरल्या. "माह्या नावावर दोन एकर हाये हे माह्या भावाले माहीत नाही, आन् त्या फोनवाल्याले माहीत," म्हणाल्या.

माहिती फोडली कुणी? किसनराव हळूच म्हणाले, "नाव आन् एकर कोणाजवळ राह्यते? बियाणेवाल्याजवळ." आणि सगळ्यांच्या नजरा बाजार रस्त्याकडे वळल्या.

मास्तरांना राग आला. हबीबभाईवर आळ? त्यांनी टाकीखालच्या हॉटेलात, भर सकाळी, चार माणसांत जाहीर केलं की आपल्याकडे शास्त्र आहे आणि शास्त्र सोक्षमोक्ष लावील. त्या फोनवाल्यांनी ई-मेलही पाठवला असणार. तो कोणत्या पत्त्यावर आला ते पाहायचं, की पत्ता फोडणारा सापडला. "माणूस खोटं बोलते. पत्ता बोलत नाही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. हबीबभाई स्वतः आले होते. "काढा मास्तर, मलेही पाह्यचं हाये," म्हणाले आणि बाकावर टेकले.

मास्तरांनी नवा चष्मा चढवला, मोबाइल उघडला. चोर बीटीचं पत्र होतं. वरच होतं. त्यांनी खड्या आवाजात मजकूर वाचला, मग पत्ता वाचायला घेतला. "नारायण अधिक..." आणि तिथं ते थांबले. किसनरावांनी मान लांब करून पुढचा शब्द वाचला.

"हबीब."

हबीबभाईंनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला, टोपी सारखी केली आणि निघून गेले. "मशीन खोटं बोलत नाही बापा," किसनराव म्हणाले. ते मास्तरांचंच वाक्य होतं, थोडं फिरवलेलं.

दुसऱ्या दिवसापासून हबीबभाईंच्या दुकानात माशी शिरेना. लोक बियाण्यासाठी मोताळ्याला जाऊ लागले, काही थेट वडनेरला गेले. पेरणीचे दिवस हेच तर बियाणेवाल्याचं अख्खं वर्ष. माल भरून ठेवलेला, आणि तीस वर्षांचा शब्द एका सकाळी हॉटेलात मोडला. तोही कुणी, तर मास्तरांनी. मास्तर सायकल काढायचे, बाजार रस्त्याच्या तोंडाशी जायचे आणि परत यायचे. दोस्तानं दगा दिला हे मानवत नव्हतं, आणि शास्त्र चुकतं हेही मानवत नव्हतं. दोन घास खाल्ले की ताट सरकवत.

रुख्मिणीबाईंनी दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ताट सरकलं तसं त्या समोर बसल्या.

"एक सांगा. मी दोरा कोणाच्या नावचा टाकतो?"

"आता हे दोऱ्याचं काय काढलं मधात?"

"सांगा तं खरं."

"ज्याले ब्लाऊज पीस देतं त्याच्या नावचा."

"हाव. घेणाऱ्याच्या नावचा. म्हून तं समजते का पुढे कोणी लोटला. विजेचं, रेल्वेचं तुम्ही तसंच केलं. आन् गल्लीचं? हबीबभाईच्या पत्त्यावर नाव हबीबभाईचं. म्हणजे पत्र कोणाचं ते समजते. पत्ता कोणाले देला ते कोठी लिहिलं हाये त्याच्यात?"

मास्तरांनी मोबाइल काढून तो पत्ता पुन्हा वाचला.

"आन् हबीबभाई तं मोबाइलले हात लावत नाही," रुख्मिणीबाई पुढे म्हणाल्या. "त्याचा पत्ता कोठीही भरला असन, तं तो तुमच्याच बोटानं भरला. आठवा, कोठी भरला."

मास्तर आठवू लागले. परवाना, कंपनी, आणखी एक कंपनी. आणि मग एकदम त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. उन्हाळ्यात एका वेबसाइटवर सोडत होती. हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो आणि बॅटरीवर चालणारा फवारणी पंप फुकट. अट अशी की एका पत्त्याला एकच संधी. इथं आपल्याजवळ अख्ख्या गल्लीचे पत्ते! कुणाला तरी पंप लागेल, सगळे वापरतील, म्हणून मास्तरांनी एका दुपारी किसन, सोजरा, वच्छला, हबीब, एकूण एक नाव भरलं होतं. मोबाइल नंबर भरला होता. एकर भरले होते. 'गेल्या वर्षी बोंडअळी होती काय?' याच्यापुढे प्रत्येकासाठी 'होय' केलं होतं. सोजराबाईंचे दोन एकर सातबारा पाहून भरले होते, चूक नको म्हणून.

"पण मंग पत्र एकट्या हबीबभाईलेच कसं आलं?" ते पुटपुटले आणि अविनाशला फोन लावला. अविनाशनं सांगितलं, डावीकडे स्पॅम नावाचा कोपरा आहे, यंत्राला शंका आली की पत्र तिकडे टाकतं. मास्तरांनी तो कोपरा जन्मात पहिल्यांदा उघडला. तिथं अख्खी गल्ली पडलेली होती. नारायण अधिक किसन, अधिक सोजरा, अधिक वच्छला, सगळ्यांना तेच पत्र, तोच दिवस. हबीबभाईंच्या पत्त्यावर बियाण्यांची पत्रं नेहमीचीच, म्हणून यंत्रानं त्यांचं तेवढं आत येऊ दिलं होतं.

पोतं न उघडता, एकच पत्र वाचून पोस्टमास्तरानं निकाल दिला होता. मास्तरांना इतकी लाज उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

आता सांगायचं कसं? मास्तरांनी आधी सरकारी मार्ग धरला. हॉटेलात लावायला एक सूचना लिहिली: 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, काही तांत्रिक कारणास्तव दिनांक अमुक रोजी झालेल्या निष्कर्षामध्ये अंशतः दुरुस्ती...' रुख्मिणीबाईंनी ती वाचली आणि परत दिली.

"पाटी काय लावता? बदनामी तोंडानं केली, तोंडानंच फेडा."

यावर मास्तरांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मानतो. गावात चूक करणारे ढीगभर आहेत. ती घरपोच वाटणारा मी एकच पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल काढली आणि पहिल्या दारापासून डाक वाटायला लागले. दारात उभं राहायचं, मोबाइल काढायचा आणि म्हणायचं, "किसनराव, तुमचं पत्र. चोर बीटीवाल्याचं. नाव, नंबर, एकर त्याच्याजवळ गेले ते माह्या हातून. पंपाच्या सोडतीत मी भरले. हबीबभाईचा काही संबंध नाही."

किसनरावांनी डोकं खाजवलं. "म्हणजे मास्तर, पंप लागला नाही?"

सोजराबाईंनी दारातच हात जोडले. "दोन एकराचं माह्या भावाच्या पत्त्यावर तं नाही ना भरलं कोठी?" वच्छलाबाई म्हणाल्या, चूक झाली तर झाली, पण ती अशी घरोघर सांगत फिरायची काय गरज, माणसानं थोडं झाकून ठेवावं. हिरव्या दोऱ्याचा विषय मास्तरांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला आणि सायकलवर बसले. प्रत्येक दारात तेच वाक्य, तोच आवाज, एक शब्द कमी नाही. शेवटच्या दारापर्यंत घसा कोरडा पडला होता, आणि अजून एक पत्र वाटायचं राहिलं होतं.

हबीबभाई पुड्यांवरची धूळ फडक्यानं झटकत होते. दुकानात कुणी नव्हतं.

"डाक," मास्तर पायरीवरून म्हणाले.

"कोणाची?"

"तुमची."

"वाचा."

मास्तरांनी सगळं पत्र वाचलं. पत्ता वाचला. मग मोबाइल खिशात ठेवला.

"पत्ता कोणं फोडला मंग?" हबीबभाईंनी न बघता विचारलं.

"मी."

"ऐकू नाही आलं."

"मी फोडला, हबीबभाई. आन् तुमचं नाव चार माणसात घेतलं. न पाह्यता घेतलं. माह्याकून चुकलं." मास्तरांचे डोळे भरले होते आणि नव्या चष्म्यातून ते लपत नव्हते.

हबीबभाईंनी फडकं दोन वेळा झटकलं. गिऱ्हाइकाच्या बाकावरची धूळ पुसली.

"बसा."

मास्तर बसले. मग किसनराव आले, नजर चुकवत, सरकीच्या पुड्या मागायला. मास्तरांनी त्यांना घरी जाऊन सांगितलं होतंच, पण हबीबभाईंनी पुड्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, सांगा यायले." मास्तरांनी सांगितलं. मग किसनरावांचे साडू आले. "सांगा मास्तर." मास्तरांनी उभं राहून सांगितलं. मोताळ्याहून रिकाम्या हातानं परतलेले दोघं आले, त्यांना सांगितलं. "जोरानं सांगा, यायले कमी ऐकू येते," हबीबभाई म्हणायचे, आणि ज्याला उत्तम ऐकू येत होतं तोही मान डोलवायचा. दुपारनंतर ओळ लागली. हबीबभाई पुड्या देत होते, मास्तर कबुली देत होते, आणि कुणाचंही काम दुसऱ्याशिवाय पुढे सरकत नव्हतं.

दिवेलागणीला दुकान बंद झालं तेव्हा मास्तरांचा आवाज पार बसला होता. ते खुणेनंच निघतो म्हणाले. हबीबभाईंनी त्यांची सायकल स्टँडवरून काढून हातात दिली.

"उद्या बाजार हाये," ते म्हणाले. "रोहिणखेडचे लोक येतीन. सकाळी लवकर या. आन् जेवून येऊ नका, तुमची जहांआरा भाभी दोघांचा डबा धाडून राह्यली."